मुलीचा सहावा बड्डे, ८५ हजाराचं कोटेशन आणि कपाटातल्या १४ बाटल्या

रिंगरोडची_आई

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, आधी चर्चा झाली असेल तर तिकडे हाकला मला.

आम्ही पुण्याजवळ पुनावळ्यात राहतो, टॉवर नवीन, ताबा मिळून पाच वर्षं झाली. मुलगी पहिलीत आहे, पुढच्या महिन्यात सहा पूर्ण होतील. सोसायटीत तिच्या आगेमागे वयाची वीस-बावीस मुलं आहेत म्हणजे वर्षाला तेवढे बड्डे, आणि शाळेतले वेगळे. सुरुवातीला घरी केक, वेफर्स, सामोसा असं असायचं. मग कुणीतरी क्लबहाउस घेतलं, मग कुणीतरी थीम आणली, आणि आता मागच्या महिन्यात सी विंगमधल्या बड्डेला हवेचा जंपिंग किल्ला, टॅटू काढणारी मुलगी, पॉपकॉर्नचं मशीन आणि जादूगार. जादूगाराकडे कुणीच बघत नव्हतं कारण सगळी पोरं किल्ल्याच्या रांगेत होती, बिचारा शेवटी आजी-आजोबांना पत्ते दाखवत होता.

मी सहज एका ओळखीच्यांकडून कोटेशन घेतलं. हॉल ६,०००, डेकोरेशन १८,०००, ९० प्लेटा ३५० ने ३१,५००, केक ४,५००, रिटर्न गिफ्ट ४५ नग २५० ने ११,२५०, गेम घेणारा अँकर ८,०००, फोटोग्राफर ६,०००. बेरीज ८५,२५०. आमचा घराचा हप्ता ४६ हजार आहे. म्हणजे जवळजवळ दोन हप्ते, तीन तासांत.

नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला जास्त आहे पण वर्षातनं एकदाच तर असतं, आणि मुख्य म्हणजे आपण सगळ्यांकडे जेवून आलोय, आता आपली पाळी आली आणि हात आखडता घेतला तर बरं दिसत नाही. हे शेवटचं जे आहे ना तिथे मी अडकलेय. कारण खरंच जेवून आलोय. आणि रिटर्न गिफ्ट पण घेऊन आलोय. परवा कपाटाच्या वरच्या कप्प्यातनं काढून मोजल्या, पाण्याच्या १४ बाटल्या आहेत, त्यातल्या तिघींवर तर दुसऱ्याच मुलांची नावं छापलीयत. आमची पोरगी शाळेत नेते ती पंधरावी, ती आम्ही विकत घेतलेली.

सासूबाई म्हणतात औक्षण करा, शिरा करा, मुलांना खाली खेळू दे, झालं. मला पटतंय पण मुलीला युनिकॉर्न हवाय आणि ती रोज विचारते की माझ्या बड्डेला कोण कोण येणार. तिला उद्या कुणी बोलवलंच नाही तर? पैसे अगदीच नाहीत असं नाही, पण मनाविरुद्ध करायचे आणि वर नाटकीपणाने हसत फोटो काढायचे याचा फार कंटाळा आलाय. तुमच्यापैकी कुणी यातून बाहेर पडलंय का, आणि कसं, म्हणजे भांडण न करता?

सोलकढी

आमच्याकडे डबे आहेत. ११. सगळे चौकोनी आणि एकाही डब्यात पोळी मावत नाही. बाकी सल्ला नाही, फक्त पाठिंबा. वाचतोय.

नाना_वाचस्पती

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितले नाही. हल्लीच्या पालकांना मुलांना नाही म्हणता येत नाही हा मूळ आजार आहे. टीव्ही आणि मोबाइल बंद करा, मुले आपोआप साधी राहतील. आमच्या काळी वाढदिवसाला देवाला नमस्कार, मोठ्यांना नमस्कार आणि शाळा. काही बिघडले नाही आमचे.

दुपारचा_चहा

नाना, आमच्या काळचं एवढं गोडही नव्हतं हो. मी साठीला आलेय, लहानपण मिरजेत, रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वाढदिवसाला पाट, पाटाभोवती रांगोळी, सुपारी आणि अंगठीने ओवाळणं, एका ताग्यातनं तिघी बहिणींना शिवलेले फ्रॉक, हे सगळं होतंच. पण चढाओढ पण होती. एका साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाला व्हीसीआर भाड्याने आणला होता, अख्खी कॉलनी बोलावली होती, आणि पुढची दोन वर्षं आम्ही आईला व्हीसीआर कधी आणणार म्हणून छळलं. आई एकदा चिडून म्हणाली मी आणते व्हीसीआर, तुम्ही विका मला. तेव्हा हसलो, आता कळतं तिला काय झालं असेल.

फरक एवढाच वाटतो मला की तेव्हा चढाओढ करायला सामानच कमी होतं. व्हीसीआर नाहीतर केक, यापलीकडे जायला वाटच नव्हती, म्हणून आपोआप थांबायचं. आता कुठेच थांबत नाही, किल्ल्यानंतर घोडा येईल आणि घोड्यानंतर काय ते त्या धंदेवाल्यालाच माहीत. म्हणून आता थांबायचं ते कुणीतरी स्वतःहून थांबायला लागतं, आणि ते अवघड आहे, त्यात आयांचा दोष काढायचं कारण नाही. (हे नानांना. हलके घ्या.)

रिंगरोडची_आई, तुमच्या सासूबाई तुमच्या बाजूने आहेत ही केवढी मोठी गोष्ट आहे, बऱ्याच घरांत नेमका उलटा सीन असतो. त्यांचं नाव पुढे करा की. "आईंना घरीच करायचंय" म्हटलं की कुणी एक अक्षर बोलत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एवढा तरी उपयोग शिल्लक आहे.

फुगेवाला_पिंचि

ताई नमस्कार, मी हाच धंदा करतो, पिंपरी-चिंचवडमध्ये, सात वर्षं झाली. माझं पोट त्यावर आहे तर मी काय सांगणार असं वाटेल पण सांगतो.

१८ हजाराच्या डेकोरेशनमध्ये काय असतं तर लोखंडी रिंग आणि स्टँड माझे स्वतःचे, तेच दोनशे ठिकाणी लागलेत. पाठचा कपडा माझा. युनिकॉर्नचा कटआउट फोमशीटचा, तो मागच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीचा होता, नाव तेवढं बदलायचं. नवीन फक्त फुगे, चारशे-पाचशे लागतात, आणि दोन पोरांची तीन तासाची मजुरी आणि टेम्पो. रात्री अकराला हॉल खाली करताना आम्हीच ते फुगे टाचणीने फोडतो, ते काम मला सगळ्यात नको वाटतं. आधी थर्माकोल पण असायचं, ते आणि फुग्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाल्या, तरी काही पार्ट्या मागतात, मी देत नाही.

रिटर्न गिफ्ट तुम्ही २५० ला घेणार ते पुण्यात बोहरी आळीत घाऊक घेतलं तर निम्म्याच्या आसपास येतं. मधले पैसे पॅकिंग, नावाचं स्टिकर आणि घरपोच याचे.

आता खरी गोष्ट. लोक मला फोन करतात तेव्हा दहातले सात जण पहिलं वाक्य काय बोलतात माहितीये का, अमुक सोसायटीत तुम्ही केलं होतं तसंच पण थोडं वेगळं. मुलाला काय आवडतं हे सांगणारा क्वचित. आणि बिल द्यायच्या वेळी याच लोकांची ओढाताण दिसते, पुढच्या पगाराला देतो म्हणतात. मी समजून घेतो, मला पण घर आहे. ज्या मुलाचा बड्डे असतो ते मूल बहुतेक वेळा साडेआठला झोपेला आलेलं असतं आणि रडत असतं, केक मात्र साडेनऊला कापतात कारण अजून पाहुणे यायचेत.

तुम्हाला युनिकॉर्नच पाहिजे असेल तर फक्त एक कटआउट भाड्याने घ्या, कुणीही हजाराच्या आत देईल. माझ्या मुलाचा बड्डे मी कसा करतो ते विचारू नका. फुगे बघितले की तो पळतो.

हप्तेबाज

बँकेत आहे म्हणून एवढंच. हे पैसे शिल्लकेतून देत असाल तर तुमची मर्जी. पण क्रेडिट कार्डावर करून पुढे ढकलणार असाल तर आकडा बघा. ८० हजार थकवले आणि महिन्याला साडेतीन टक्के धरले तर पहिल्याच महिन्याचं व्याज २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, म्हणजे ३,३०४ रुपये फक्त फोडून टाकलेल्या फुग्यांचं भाडं. वरून जुनी बाकी असेपर्यंत नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध-किराणा सुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजाला लागतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

आणि "झीरो टक्के" व्याजाच्या हप्त्यांवर फसू नका, असं काही नसतं हे आरबीआयने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलंय. व्याज कुठेतरी घातलेलंच असतं, प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर न मिळालेल्या डिस्काउंटमध्ये.

एक_जून

माझं नाव बघूनच कळलं असेल. आमच्या पिढीत गावाकडच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं वाटलं की गुरुजी नाव घालायचे आणि जन्मतारीख १ जून टाकायचे. आमच्या ऑफिसात १ जूनला एवढे केक येतात की एचआरवाली बाई हैराण होते.

मी बीडकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, दसरा-दिवाळी झाली की गाडी निघायची ते उन्हाळ्यापर्यंत. आईला विचारलं मी कधी झालो तर ती सांगते संक्रांत झाली होती, फडात होतो, थंडी लई होती. एवढीच माझी जन्मतारीख.

आता वरचे प्रतिसाद वाचले, सगळे साधेपणाच्या बाजूने, चांगलंय. पण मी तुम्हाला खरं सांगतो, माझ्या पोरीचा पहिला वाढदिवस मी हॉल घेऊन केला, दीडशे पानं उठवली, पतसंस्थेकडून ६० हजार काढले. नको होतं का करायला? हिशोबाने नको होतं. पण माझ्या आईने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी वाढदिवसाला खुर्चीत बसून औक्षण बघितलं, नातीला ओवाळलं, आणि तिला फोटो काढताना मधी बसवलं होतं. ज्यांच्याकडं पाट, रांगोळी, निरांजन आधीपासून होतं त्यांना ते सोडून परत साध्याकडं येता येतं. आमच्याकडं सोडायला काही नव्हतंच. म्हणून कुणी मोठा बड्डे केला की त्याला लगेच दिखाऊ म्हणू नका, एवढंच म्हणायचंय. नानांना जास्त करून.

पण पुढचं पण सांगतो. ते ६० हजार फेडायला दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात मला सारखं आमच्या घरचं आठवायचं. मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयत्यामागं म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, त्यातनं एखादं लग्न करायचं, आणि मग हंगामभर पाठीवर मोळ्या वाहून ती फेडायची, नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं. आईबापाला दुसरा इलाजच नव्हता. मी एसी ऑफिसात बसून, शिकून सवरून, तीच उचल घेतली होती फक्त मुकादम टाय घालून होता. त्यानंतर मी ठरवलं की पहिला झाला तो आईचा होता, आता बास. दुसऱ्या वर्षापासून घरी करतो. पोरीला पहिला आठवत पण नाही.

नाना_वाचस्पती

एक_जून, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे वरचे लिहिणे जरा फटकन झाले. तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.

काळी_माती_लालभोपळा

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून लिहितेय, नवरा गाड्यांच्या कंपनीत. इकडे एक पद्धत आहे ती मला फार आवडते, जितकं मुलाचं वय तितकेच पाहुणे. सहावा वाढदिवस तर सहा मुलं, बस. त्यामुळे कुणाला राग यायचा प्रश्नच नाही, आकडा पाळणाघरापासून सगळ्यांना माहीत असतो, आणि मुलाला स्वतः ठरवावं लागतं कोण सहा. मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा मी भारतीय सवयीने त्याच्या वर्गातली सगळी बोलावली, एकवीस. शेजारीण बाई दारात उभी राहून मला विचारते तुम्ही ठीक आहात ना.

खेळ पण साधे असतात, डोळे बांधून हातात लाकडी चमचा द्यायचा आणि जमिनीवर ठोकत ठोकत पालथं पातेलं शोधायचं, त्याच्या खाली खाऊ. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीची चुलत बहीण. जाताना एक छोटी पिशवी, त्यात गोळ्या, खोडरबर वगैरे. तरी इकडेही ट्रॅम्पोलिनचे हॉल बुक करणारे वाढलेत, सगळं आलबेल नाही. आणि एक अवांतर, इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन समजतात, त्यामुळे तुमच्या मुलीला पुढच्या महिन्यातच देईन.

कात्री_डिंक

उशिरा आलो धाग्यावर. मी बाप आहे, मुलगा सात वर्षांचा, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला. दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच वैतागलो होतो तेव्हा बायकोच्या भावाने अरविंद गुप्तांच्या साइटवर पाठवलं. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी, कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते, ते सोडून आयुष्यभर कचऱ्यातनं खेळणी करत आणि शिकवत बसले, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण म्हणून विज्ञानाचं केंद्र आहे तिथे बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. साइटवर सगळं फुकट, मराठी पुस्तकं पण आहेत.

तर मी मुलाच्या बड्डेला आठ मुलं बोलावली आणि म्हटलं आपण खेळणी करू, जी कराल ती घरी न्यायची, तेच रिटर्न गिफ्ट. खर्च चारशे रुपयांच्या आत. आता सगळे लिहितात तसं "मुलं रमून गेली" असं लिहिणार नाही. पहिला प्रकार स्ट्रॉची पिपाणी. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ बंद झालेत म्हणून कागदाचे आणले, तोंडात धरले की भिजून मऊ, एक आवाज येईल तर शप्पथ. दुसरा प्रकार काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन, त्यात दोघंच रमले, बाकीच्यांनी ट्यूबचे तुकडे एकमेकांच्या कानात घालायला सुरुवात केली. मला घाम फुटला. वीस मिनिटांत माझा दोन तासांचा कार्यक्रम संपला होता.

मग वाचवलं ते सीडीने. जुनी सीडी घ्यायची, तिच्या भोकावर सिपर बाटलीचं ते ओढून उघडायचं झाकण असतं ना ते चिकटवायचं, त्या झाकणावर फुगवलेला फुगा चढवायचा आणि झाकण ओढायचं. हवा खालून निघते आणि सीडी फरशीवर तरंगत जाते. हॉवरक्राफ्ट. पाऊण तास आठही पोरं फरशीवर पालथी पडली होती, शर्यती लावत होती. नंतर खाली जाऊन लगोरी.

धागाकर्त्या ताई, तुमच्या त्या १४ बाटल्यांना सिपरचं झाकण आहे का? असेल तर माल घरातच आहे.

आणि नवऱ्याच्या मुद्द्यावर. आपण जेवून आलो ते फेडायला हवं हे खरंच आहे, ते उडवून लावू नका. पण फेडायचं म्हणजे तेवढ्याच रुपयांचं फेडायचं असं कुठे आहे? मी काय केलं, ज्यांच्याकडे जेवलो होतो त्यांना महिन्या-महिन्याला एकेक कुटुंब घरी बोलावलं, रविवारी सकाळी मिसळ. बड्डेशी संबंधच ठेवला नाही. त्यातनं कळलं की तिघांपैकी दोन घरांना हे बड्डेप्रकरण आमच्याइतकंच नकोसं झालं होतं, फक्त प्रत्येकाला वाटत होतं बाकीच्यांना हवंय. एकाने तर सांगितलं की तुमच्याकडचा लहानसा बघून आम्ही ह्या वर्षी अँकर कॅन्सल केला. मी कुणाला काही सांगायला गेलो नव्हतो, भाषण तर मुळीच दिलं नव्हतं.

रिंगरोडची_आई

एवढे प्रतिसाद! ऑफिसच्या बसमध्ये वाचत होते, एक_जून यांचं वाचून स्टॉप गेला माझा. धन्यवाद सगळ्यांना. घरी जाऊन बाटल्या बघते.

सोलकढी

माझ्या डब्यांचं काही होतं का त्या साइटवर?

कात्री_डिंक

बघतो. चौकोनी आहेत म्हणालात ना, पेरिस्कोप होईल कदाचित, आरसे लागतील.

रिंगरोडची_आई

तीन आठवड्यांनी येतेय, बड्डे झाला. अपडेट द्यायला हवं असं वाटलं कारण बरेच धागे अर्धे सुटतात आणि मला स्वतःला ते आवडत नाही.

सहा वर्षं तर सहा मुलं हे मुलीला सांगितलं तर तिने बोटं मोजली आणि नऊवर आली. नऊ ठरले. सोसायटीच्या ग्रुपवर काहीच टाकलं नाही, नऊ आयांना वेगवेगळा फोन केला आणि दुपारचा_चहा यांचा मंत्र वापरला, आईंना घरीच करायचंय. चाललं. एकीने फक्त "अगं हॉल मिळाला नाही का" असं विचारलं, मी म्हटलं नाही घेतला. मग ती दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाली बरंय बाई. ते बरंय कसलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

नवऱ्याशी एकदा चांगलंच वाजलं. तो म्हणाला तुझ्या तत्त्वासाठी पोरीचा बड्डे वापरू नकोस. लागलं मला ते, कारण त्यात थोडं खरं होतं. युनिकॉर्न नाही म्हणणारी मीच होते, तिचं काहीच चुकलं नव्हतं. मग असं ठरलं की युनिकॉर्न तिचा, बाकी आपलं. फुगेवाला भाऊ म्हणाले तसा कटआउट भाड्याने आणला, ८०० रुपये, दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभा केला, टीव्ही झाकला गेला हा बोनस.

सासूबाईंनी पाट मांडून औक्षण केलं. नऊपैकी सहा मुलांनी ते नीट कधी बघितलंच नव्हतं, त्यांनाही ओवाळून घ्यायचं होतं, मग सासूबाईंनी सगळ्या नऊ जणांना ओळीने बसवून ओवाळलं, अंगठी सुपारी सगळं, वीस मिनिटं. आमच्या मुलीला हे अजिबात आवडलं नाही, बड्डे माझाय म्हणून रुसून आत जाऊन बसली, तिला काढायला परत दहा मिनिटं. शिरा, बटाटेवडे घरचे, केक एक किलोचा. सगळं मिळून ४,३०० च्या आसपास गेले.

दोन मुलांनी निघताना विचारलं रिटर्न गिफ्ट कुठंय. एकाच्या आईने त्याला दारातच डोळे वटारले, मला कसंतरीच झालं, पण मग त्यानेच हातातली सीडी वर करून दाखवली, हेच का? म्हटलं हेच.

हो, सीडी. बाटल्यांपैकी ५ ची झाकणं चालली, बाकीची फार रुंद निघाली, त्यामुळे दोघादोघांत एक. सीड्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता, आजकाल कुणाकडे असतात. शेवटी नवऱ्याने माळ्यावरून आमच्या लग्नाच्या व्हिडिओच्या काढल्या, सहा कॉप्या होत्या, फोटोग्राफरने त्या काळी पॅकेजमध्ये दिलेल्या, एकदाही न बघितलेल्या. एक ठेवली, पाच चिकटवल्या. आमचं अख्खं लग्न फुग्यावर बसून फरशीवरनं सुसाट फिरत होतं आणि नवरा पोरांबरोबर पालथा पडून कुणाचं जास्त लांब जातंय ते टाइल मोजून सांगत होता. वरात अकरा टाइल गेली, रिसेप्शन सातवरच थांबलं.

परवा लिफ्टमध्ये डी विंगमधली एक जण भेटली, जिचा मुलगा आला होता. म्हणाली आमच्याकडे पण खूप सीड्या आहेत गं, झाकणं आहेत का अजून?

झाकणं नाहीत. पण बिनझाकणाच्या पाच बाटल्या आहेत, त्यांचं काय करू ते सांगा.

सोलकढी

मनीप्लांट.